एकोणतीस गुणिले चार

शेवंताच्या मनगटावर माझी तीन बोटं होती. मी घड्याळाच्या सेकंदकाट्याकडे बघत होते आणि ती माझ्या तोंडाकडे. काटा बारावरून तीनवर आला तेव्हा तीस ठोके झाले होते. तीस गुणिले चार, एकशेवीस.

"किती आलं वो, सिस्टर?"

मी तिचा हात तसाच धरून पुन्हा मोजायला लागले. पुन्हा तीसच आले.

"एकशेवीसला सलाईनची बाटली काढत्यात न्हवं?" ती म्हणाली. "त्या कोपऱ्यातल्या बाई सांगत हुत्या."

हा आकडा वॉर्डातल्या सगळ्या बायकांना पाठ झाला होता. डॉक्टरांची नावं त्यांच्या लक्षात राहत नसत, औषधाचं नाव तर आम्हालाही धड उच्चारता येत नव्हतं, पण एकशेवीस म्हणजे काय ते सगळ्यांना ठाऊक होतं. फेब्रुवारीतली दुपार होती, एक वाजून गेला होता, आणि मी सकाळी सातपासून उभी होते.

या गोष्टीला आता अठ्ठावीस वर्षं झाली. मी निवृत्त होऊनसुद्धा बराच काळ लोटला. आमचं सरकारी रुग्णालय जिल्ह्याच्या गावचं, बाळंतिणींच्या वॉर्डात खाटा बेचाळीस आणि एका पाळीला सिस्टर दोन. बेचाळीस खाटांवर बायका पंचावन्न, हे वेगळं सांगायला नको. त्यात पावसकर मॅडमनी आमच्या गळ्यात हा अभ्यास बांधला होता.

मॅडम प्रसूती विभागात शिकवायच्या. बाई सडपातळ, बोलणं हळू, आणि चिकाटी अशी की प्रत्येक कागदाच्या मागं आठ-आठ दिवस लागायच्या. दिवस भरायच्या आधी कळा सुरू झाल्या की त्या थांबवायला तेव्हा एक औषध सलाईनमधून देत. कळा थांबायच्या, पण बाईचं काळीज पळायला लागायचं. किती पळतं, कुठवर पळालं तर चालतं, हे आपल्याकडच्या बायकांवर कुणी नीट मोजलेलं नव्हतं. आपल्या बायका म्हणजे अंगात रक्त नाही, पोटाला पुरेसं नाही, वजन चाळीस किलो. "परदेशातल्या धडधाकट बायकांवर मोजलेलं आपण यांना कसं लावायचं?" मॅडम म्हणायच्या. म्हणून साठ बायका निवडायच्या, निम्म्यांना सलाईनमधलं जुनं औषध द्यायचं, निम्म्यांना नवी गोळी. छातीला तारा लावून दिवसातून दोनदा ईसीजीची पट्टी काढायची, आणि दर अर्ध्या तासानं नाडी मोजून पिवळ्या कागदावर लिहायची. नाडीचं काम आमचं.

पूर्ण एक मिनिट मोजा, असं मॅडमनी बजावून सांगितलं होतं. पूर्ण मिनिट कुणाकडे होतं? आम्ही पंधरा सेकंद मोजायचो आणि चारनं गुणायचो. पिवळ्या कागदावर सगळे चारच्या पाढ्यातले आकडे. एकशेचार, एकशेआठ, एकशेबारा, एकशेसोळा. त्याच्यापुढे एकशेवीस.

अभ्यास सुरू झाला त्या पहिल्याच आठवड्यात एका बाईची नाडी एकशेवीस झाली होती. मी वर कळवलं. त्या वेळच्या डॉक्टरांनी आल्या आल्या सलाईन बंद केलं. नळीवरची ती बंद करायची चकती फिरवणारा हात माझा होता. तासाभरात ती बाळंत झाली आणि पोर रडलंच नाही. पुढचे चार दिवस ती बाई येणाऱ्या-जाणाऱ्याला माझ्याकडे बोट दाखवून सांगायची, "माझं लेकरू चांगलं हुतं, हिनं बाटली काढली." तेव्हापासून आमच्या वॉर्डात एकशेवीस म्हणजे बाटली बंद, हा नियमच होऊन बसला. कुणी केला, कुणी विचारला, काही नाही. आमच्याकडे एकदा एक गोष्ट झाली की पुढं तीच रीत पडते.

शेवंता आदल्या दिवशी पहाटे चार वाजता आली होती. वय तेवीस. यंत्रमागाच्या कारखान्यात सुताच्या कांड्या भरायची. सातवा महिना सरत आलेला. याआधी दोन मुलं अशीच सातव्यात होऊन गेलेली. ती मला पहिल्या दिवशीच म्हणाली होती, "दोन्ही येळला घरीच झालं वो. ह्या येळला मी कळ आली तशी उठून आलो. कुणाला इचारलं न्हाई." आमच्या भागात बायकाही 'आलो, गेलो' म्हणतात. तिच्या त्या 'आलो'त मोठा रुबाब होता.

पोटातल्या बाळाची फुप्फुसं तयार व्हावीत म्हणून आईला चार इंजेक्शनं द्यायची असतात, बारा-बारा तासांनी. तिची तीन झाली होती. चौथं दुपारी चारला होतं. तोवर कळा थांबवून धरायच्या, एवढंच आमचं काम होतं. चारला तीन तास होते, आणि माझ्या बोटांखाली तीस ठोके होते.

"एकशेसोळा," मी म्हणाले.

"म्हंजे हाय अजून जागा!" ती हसली.

मी तिचा हात दाबला. तिनंही माझा दाबला. मला वाटलं, समजलं हिला. मी पिवळ्या कागदावर एकशेसोळा लिहिलं आणि पुढच्या खाटेकडे गेले. खोटं लिहिलं म्हणून हात कापला वगैरे म्हणाल, तर तसं काही झालं नाही. उलट सकाळपासून पहिल्यांदाच काहीतरी चांगलं केल्यासारखं वाटलं.

दीड वाजता एकतीस ठोके आले. मी एकशेसोळा लिहिलं. दोन वाजता बत्तीस. तेव्हाही एकशेसोळाच. प्रत्येक वेळी ती विचारायची, "किती?" आणि मी सांगायची, "तेवढंच." मग ती पोटावर हात ठेवून आतल्याला सांगायची, "ऱ्हा बाबा, ऱ्हा अजून."

अडीचला ती म्हणाली, "सिस्टर, अजून एक उशी हाय का? पाठ अवघडलीया."

उशा आमच्याकडे कधीच नसायच्या. मी एक चादर घडी करून तिच्या पाठीमागं दिली. बारा वर्षं नोकरी झालेली नर्स मी. निजलेली बाई उशी मागते, उठून बसायला बघते, म्हणजे तिला आडवं पडून श्वास पुरत नाही, हे मला कुणी शिकवायला नको होतं. पण शेजारच्या खाटेवर एकीची वार अडकली होती, दुसरी नर्स तिच्याकडे होती, आणि मला त्या दिवशी शेवंताच्या पाठीचं दुखणं म्हणजे पाठीचंच दुखणं असायला हवं होतं.

"धडधड होतीय का?" मी जाता जाता विचारलं.

"न्हाई बा."

"दम?"

"कुटं काय."

तीन वाजून वीस मिनिटांनी तिची सासू तानूबाई मला शोधत वॉर्डभर फिरली. नातेवाइकांना आत सोडत नसत, पण ही बाई व्हरांड्यात बसून राहायची आणि शिपाई चहाला गेला की आत यायची. सुनेवर डोळा ठेवायला येते, असा माझा समज. तिनं माझा हात धरून ओढलंच.

"तिला सास घ्याया येईना. चला तुमी."

शेवंता खाटेच्या कडेला बसली होती. दोन्ही हात गादीवर टेकून, मान पुढं काढून. खोकत होती. ओठ काळपट झाले होते. मी मनगट धरलं. मोजायची गरज नव्हती, ठोके एकात एक मिसळत होते.

डॉक्टर मेंगाणे धावत आले. वर्षभरापूर्वी पास झालेला पोरसवदा डॉक्टर, भला माणूस, दोन रात्री झोपलेला नव्हता. त्यानं छातीला नळी लावली, पाठीला लावली, आणि मग खाटेच्या दांडीला अडकवलेला पिवळा कागद काढून वाचायला लागला.

"एकशेसोळा, एकशेसोळा, एकशेसोळा," तो म्हणाला. "तीन वाजता पण एकशेसोळा. दोन तास एका जागी आहे. मग हे सलाईननं नाही." त्यानं तानूबाईकडे वळून विचारलं, "हिला दमा आहे का? सूत भरते ना ही?"

"कापसाचं उडतं तिथं," तानूबाई म्हणाली. "खोकती कवा कवा."

"तेच." तो मला म्हणाला, "सिस्टर, दम्याचं इंजेक्शन भरा. आणि सलाईन चालू राहू दे, अर्ध्या तासात चौथा डोस आहे. तो चुकवायला नको."

दम्याचं ते इंजेक्शन काळजाला आणखी पळवतं. मी ट्रेपाशी गेले. इंजेक्शनची काच फोडली. सिरिंज भरली. हे सगळं मी केलं, हे मला सांगितलंच पाहिजे. भरलेली सिरिंज हातात घेऊन मी वळले तेव्हा शेवंता माझ्याकडे बघत होती. तिला बोलता येत नव्हतं. ती मान हलवत होती, हळूहळू, नाही नाही अशी. सलाईन काढू नका म्हणतेय, की इंजेक्शन नको म्हणतेय, मला कळलं नाही.

"डॉक्टर," मी म्हणाले. "ते खरं नाहीये."

"काय?"

"कागदावरचं. एक वाजल्यापासनं एकशेवीसच्या वर आहे. मी एकशेसोळा लिहिलं."

"म्हणजे? मोजायला चुकलात?"

"नाही. मोजलं बरोबर. लिहिलं खोटं."

मेंगाणेनं माझ्या हातातली सिरिंज काढून घेतली.

"फुप्फुसात पाणी भरलंय तिच्या," तो म्हणाला, आणि त्याचा आवाज चिरकला. "दीड दिवस सलाईन आणि दोन तास असं काळीज पळतंय... बंद करा! ऑक्सिजन आणा."

शेवंतानं सलाईनची नळी मुठीत धरली. सोडेना. दम लागलेला, डोळे बाहेर आलेले, पण मूठ घट्ट. मी तिची बोटं उघडायला गेले तर ती मला चावायला धावली. तेव्हा तानूबाई पुढं झाली. तिनं सुनेच्या मुठीवर स्वतःचा हात ठेवला आणि डॉक्टरला म्हणाली, "काढा ती बाटली. मला सून पायजे. प्वॉर न्हाई झालं तर ऱ्हायलं."

बाटली निघाली. ऑक्सिजन लागला, लघवी होऊन पाणी उतरावं म्हणून इंजेक्शन दिलं. चार वाजता चौथा डोसही दिला, पण तोवर कळा सुरू झाल्या होत्या. सहाच्या सुमाराला ती बाळंत झाली. मुलगा, बाराशे ग्रॅम. रडला. माझी पाळी दोनलाच संपली होती, पण बदलीची सिस्टर आलीच नव्हती, आणि आली असती तरी मी गेले नसते. शेवंताचा श्वास आठपर्यंत बराच सुधारला. मुलगा दुसऱ्या दिवशी दुपारी गेला.

तिसऱ्या दिवशी मॅडमनी आम्हा सगळ्या सिस्टरना त्यांच्या खोलीत बोलावलं. आम्ही सहाजणी होतो. आमच्या इन्चार्ज कुरणे सिस्टर माझ्या शेजारी उभ्या होत्या आणि माझ्याकडे बघत नव्हत्या. मला वाटलं, आता मेमो. नोकरी जाते की राहते एवढंच बघायचं. सगळ्यांसमोर कशाला, हा विचार मात्र मनात खुपत होता.

मॅडम ओरडल्या नाहीत. त्यांनी टेबलावर पिवळे कागद मांडले होते, सलाईनवाल्या सव्वीस बायकांचे. म्हणाल्या, "आवळे सिस्टर, जवळ या. वाचा."

मी वाचायला लागले. माझ्या पाळीचे कागद मला ओळखू येत होते. बाकीचे दुसऱ्यांच्या अक्षरातले. एकशेबारा, एकशेसोळा, एकशेसोळा. दुसरा कागद. एकशेसोळा, एकशेसोळा. तिसरा, चौथा, दहावा. अक्षर सहाजणींचं, आकडा एकच.

"चार महिने," मॅडम म्हणाल्या. "सव्वीस बायका. एकशेसोळा दोनशेच्या वर वेळा आलंय. आणि एकशेवीस? पहिल्या आठवड्यात एकदा. त्यानंतर एकदाही नाही. कुठल्याही बाईचं काळीज इतकं शहाण्यासारखं वागत नाही."

मग कुरणे सिस्टर म्हणाल्या, "मी पण लिहिलंय, मॅडम." त्यांच्यानंतर भोसले बोलली, मग तळेकर. शेवटची पोरगी नुसती रडायला लागली. चार महिने प्रत्येकीला वाटत होतं की आपण एकटीनंच, एखाद-दुसऱ्या गरीब बाईसाठी, चार ठोके लपवले. जेवणाचा डबा आम्ही एकत्र खायचो. हे तेवढं एकमेकींना सांगितलं नव्हतं.

"मला हे आकडे फार आवडले होते," मॅडम म्हणाल्या. "खरं सांगते. मी बघितलंसुद्धा नाही की सगळे एकसारखे का आहेत. पुढच्या महिन्यात मोठ्या परिषदेत मी वाचणार होते, की या मात्रेत औषध काळजाला धोक्याचं नाही. तिथून ते तालुक्याच्या दवाखान्यांत गेलं असतं. तिथं नाडी बघायलाही कुणी नसतं."

"मॅडम, बाटली बंद केली की पोरं जातात," कुरणे सिस्टर म्हणाल्या. "आमच्या हातानं बंद करायची, आणि..."

"बंद करा असं कुणी सांगितलं तुम्हाला?"

मॅडमनी एक पिवळा कागद उलटा केला. मागच्या बाजूला इंग्रजीत बारीक टाइप केलेल्या सूचना होत्या. त्यांनी एका ओळीवर बोट ठेवून मराठीत सांगितली. नाडी एकशेवीस झाली तर थेंब अर्धे करावेत, पाणी कमी करावं, मला बोलवावं. एकशेचाळीस झाली तर बंद. "निम्म्या थेंबांवर बऱ्याच जणींच्या कळा थांबून राहतात," त्या म्हणाल्या. "नाडी पण उतरते. पहिल्या आठवड्यात त्या डॉक्टरांनी बंद केलं ती त्यांची घाई होती. मी त्यांना बोलले होते. तुम्हाला कुणी सांगितलं नाही?"

कुणी सांगितलं नव्हतं. आणि कागद उलटा करून कुणी वाचला नव्हता. त्या खुर्चीत बसल्या, चष्मा काढला आणि डोळे चोळत राहिल्या. मग म्हणाल्या, "मी पण विचारलं नाही. चला, कामं असतील तुम्हाला." सव्वीस कागद त्यांनी दोरीनं बांधून कपाटात ठेवले आणि अभ्यास बंद करत असल्याचं पत्र स्वतःच्या सहीनं पाठवलं. मला मेमो मिळाला नाही. मिळाला असता तर बरं झालं असतं, असं मला पुढं कितीतरी वर्षं वाटायचं.

शेवंताला सातव्या दिवशी घरी सोडलं. मी तिच्या खाटेकडे जायचं टाळत होते. पण कागदावर सही घ्यायला मलाच जावं लागलं. ती आवरून बसली होती. दूध आटावं म्हणून छातीला फडकं घट्ट बांधलेलं, त्याच्यावर नवं पोलकं. तानूबाई गाठोडं बांधत होती. तिनं माझे दोन्ही हात धरले आणि कपाळाला लावले. "तुमी बोलला म्हणून माजी सून ऱ्हायली, बाई," ती म्हणाली. मी हात काढून घेतले.

शेवंतानं सही केली. तिला नाव लिहिता येत होतं, सावकाश एकेक अक्षर. मग म्हणाली, "मला एक सांगा, सिस्टर. दुपारी एक वाजल्यापासनंच जास्त हुतं?"

"हो."

"मंग मला एकशेसोळा का सांगितलं?"

मी म्हणाले, "तुझ्यासाठीच ना. तुलाच बाटली चालू राहायला हवी होती. मला वाटलं, तुला कळलंय. तू हात दाबलास माझा."

तिनं कपाळाला आठ्या घातल्या. तिला खरोखरच काही उमगत नव्हतं.

"मला काय कळणार? तुमी मोजलं, तुमी सांगितलं. मला दोन वाजल्यापासनं धाप लागत हुती. मी म्हटलं, एकशेसोळाच हाय, म्हंजे अजून जागा हाय, सोसून घ्यावं. म्हणून गप बसलो." ती उठून उभी राहिली आणि पदर खोचला. "तुमी खरं सांगितलं असतं तर मी बी सांगितलं असतं."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मॅडमनी सांगितलेलं निम्म्या थेंबांचं माझ्या तोंडापर्यंत आलं होतं. तिला ते कळायला हवं होतं, तिचा तो हक्क होता. मी सांगितलं नाही. मी सहीचा कागद घेतला आणि पुढच्या खाटेकडे गेले.